कोलारला दोनदा पोहोचलेली वीज : म्हैसूर संस्थानापासून सिलिकॉनच्या द्वारापर्यंत

३० जून १९०२ रोजी कावेरीवरील शिवनसमुद्र येथे निर्माण झालेली वीज सुमारे १४७ किलोमीटर अंतर कापून कोलारच्या सोन्याच्या खाणींत पोहोचली. त्यानंतर एका शतकाने, २००३ मध्ये, कोलारच्याच परिसरात ओडिशातील तालचेरहून सुमारे १,४०० किलोमीटर लांबीच्या वाहिनीने पुन्हा वीज पोहोचली. पहिली वीज प्रत्यावर्ती, म्हणजे एसी होती; दुसरी दिष्ट, म्हणजे डीसी. पहिलीच्या मुळाशी कावेरीचे पाणी होते, दुसरीच्या मुळाशी तालचेरचा कोळसा. या दोन घटनांमधले खरे अंतर मात्र शतकाचे, किलोमीटरांचे किंवा इंधनाचे नाही. १९०२ मध्ये माणसाला वीज निर्माण करता येत होती आणि दूर नेताही येत होती. तिचा ओघ क्षणाक्षणाला आपल्या इच्छेप्रमाणे वळवता येत नव्हता. २००३ पर्यंत ते साध्य झाले होते, आणि ते साधले होते सिलिकॉनच्या पातळ चकत्यांनी.

शिवनसमुद्र योजनेचा पाया म्हैसूर संस्थानाचे दिवाण सर के. शेषाद्री अय्यर यांच्या कारकिर्दीत घातला गेला. अमेरिकेतील नायगारा येथे १८९५ मध्ये मोठ्या प्रमाणावर जलविद्युत निर्माण होऊ लागली होती. तोच मार्ग कावेरीवर अनुसरता येईल हे ओळखून संस्थानातील अभियंते कॅप्टन ए. जे. द लॉटबिनियर यांनी योजनेला आकार दिला. जलचक्क्या स्वित्झर्लंडच्या एशर विस कंपनीकडून आल्या, तर जनित्रे व विद्युत सामग्री अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून. या दुसऱ्या कंपनीचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे ते वारंवार येणार आहे. शेषाद्री अय्यर यांचे १९०१ मध्ये निधन झाले. आपली योजना कार्यान्वित झालेली त्यांना पाहता आली नाही.

वीज कोणाला प्रथम मिळाली, याचा क्रमही बोलका आहे. १९०२ मध्ये ती खाणींना मिळाली, १९०५ मध्ये बंगळुरूच्या रस्त्यांवर दिवे लागले आणि संस्थानाची राजधानी असलेल्या म्हैसूरला १९०८ पर्यंत थांबावे लागले. म्हैसूर शिवनसमुद्रपासून कोलारपेक्षा कितीतरी जवळ आहे. तरीही वाहिनी आधी दूरच्या कोलारकडे गेली, कारण खाणी चालवणाऱ्या कंपन्या विजेचे मोल चुकते करू शकत होत्या आणि त्या हमीवरच योजनेचा खर्च उभा राहत होता. तंत्रज्ञान प्रथम कोणाच्या दारी जाते हे भूगोलाआधी हिशेब ठरवतो. हा धडा म्हैसूर संस्थानाने शतकाच्या आरंभीच गिरवला.

शिवनसमुद्रची वीज २५ हर्ट्झची होती, म्हणजे तिचा प्रवाह सेकंदाला २५ आवर्तने पूर्ण करी. नायगारा येथेही हीच वारंवारता निवडली गेली होती. मंद गतीच्या मोठ्या यंत्रांना आणि एसीचे डीसी करणाऱ्या त्या काळच्या फिरत्या परिवर्तकांना ती सोयीची होती. दिव्यांना मात्र ती फारशी मानवत नसे, कारण प्रवाह सेकंदाला ५० वेळा शून्याला स्पर्श करी आणि दिव्याची थरथर डोळ्यांना जाणवू शके. पुढे भारतभर ५० हर्ट्झ ही वारंवारता स्थिरावली. भिन्न वारंवारतेची दोन जाळी एकमेकांना थेट जोडता येत नाहीत, ही अडचण लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण तिचे उत्तर शेवटी अर्धवाहकांनीच दिले.

त्या काळी विजेवर नियंत्रण कसे ठेवत? जनित्राकडे जाणारे पाणी कमी-जास्त करणे, रोहित्राची जोडणी बदलणे, किंवा वाटेत रोध घालणे, एवढेच मार्ग उपलब्ध होते. पहिला मार्ग संथ, दुसरा पायरीपायरीचा आणि तिसरा उधळपट्टीचा. रोध घालून मोटरचा वेग कमी केला तर वाचलेली शक्ती वाचत नाही. ती उष्णता होऊन निघून जाते. जुन्या घरांत पंख्याचा गरम होणारा चौकोनी रेग्युलेटर ज्यांनी हाताळला असेल, त्यांना हा अपव्यय बोटांनाच ठाऊक आहे.

पाण्याच्या नियंत्रणाचा प्रश्नही संस्थानासमोर होताच. उन्हाळ्यात कावेरीचा ओघ आटला की शिवनसमुद्रची निर्मिती घटे आणि खाणींचा पुरवठा धोक्यात येई. त्यावरचा उपाय पुण्यात शिकलेल्या आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात घडलेल्या एका अभियंत्याने पुढे नेला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९०३ मध्ये पुण्याजवळील खडकवासला धरणावर स्वयंचलित दरवाजे बसवले होते. पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की ते आपोआप उघडत आणि पातळी उतरली की मिटत. १९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. १९११ मध्ये म्हैसूर शहराजवळ कृष्णराजसागर धरणाचे काम सुरू झाले. शेतीइतकाच शिवनसमुद्रला बारमाही पाणी देण्याचा हेतूही त्यामागे होता. पाण्याच्या दाराचा प्रश्न अशा रीतीने सुटला. विजेला असेच दार लाभायला आणखी अर्धशतक लागायचे होते.

त्या दाराची पहिली चाहूल योगायोगाने १९०२ मध्येच लागली. त्या वर्षी अमेरिकेत पीटर कूपर ह्युइट यांनी पाऱ्याच्या वाफेतून एकाच दिशेने वीज वाहू देणारा दिष्टकारी तयार केला. पाऱ्याच्या या झडपा पुढे अधिक शक्तिशाली झाल्या. १९५४ मध्ये स्वीडनमध्ये उनो लाम यांच्या नेतृत्वाखाली त्यांच्याच जोरावर मुख्य भूमीपासून गॉटलंड बेटापर्यंत समुद्राखालून डीसी वीज नेण्यात आली. पण पारा विषारी, झडपा अवाढव्य आणि त्यांचे वर्तन कधीकधी लहरी. त्यांना घन पदार्थाचा पर्याय हवा होता.

तो १९५०च्या दशकात मिळाला. १९५६ मध्ये बेल प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी सिलिकॉनचे चार थर एकावर एक असलेल्या स्विचचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी जनरल इलेक्ट्रिकच्या अभियंत्यांनी मोठा प्रवाह पेलू शकणारा असा स्विच तयार केला. तोच आज थायरिस्टर या नावाने ओळखला जातो. त्याच्या नियंत्रक टोकाला ‘गेट’ म्हणतात. या गेटवर क्षणभर अल्पसा विद्युत ठोका दिला की स्विच उघडतो आणि त्यातून शेकडो अँपिअर प्रवाह वाहू लागतो. मात्र एकदा उघडलेले हे द्वार गेटला बंद करता येत नाही. त्यातील प्रवाह स्वतःहून शून्यावर येईल तेव्हाच ते मिटते.

डीसीच्या दृष्टीने हा दोष आहे. एसीच्या दृष्टीने तो जवळजवळ वरदान ठरतो. ५० हर्ट्झच्या प्रवाहात दर १० मिलिसेकंदांनी शून्य येतेच, म्हणजे सेकंदाला १०० वेळा थायरिस्टर आपोआप बंद होतो. त्याला पुन्हा केव्हा उघडायचे एवढेच ठरवणे उरते. अर्धे आवर्तन म्हणजे १८० अंश असे मानले, तर ठोका आरंभीच दिल्यास पूर्ण शक्ती मिळते. शेगडीसारख्या शुद्ध रोधाच्या बाबतीत ठोका ९० अंशांवर, म्हणजे ५ मिलिसेकंद उशिरा दिला, तर बरोबर निम्मी शक्ती मिळते. येथवर हिशेब सरळ वाटतो, पण तो सरळ नाही. ठोका ६० अंशांवर दिला, म्हणजे आवर्तनाचा एक तृतीयांश भाग सोडून दिला, तरी शक्ती केवळ सुमारे २० टक्क्यांनी घटते. १२० अंशांवर दिला तर उरते तीही सुमारे २० टक्केच. लहरीचे कडेचे भाग बुटके आणि मधला भाग उंच असल्याने असे होते. रोधात जळून जाणारी शक्ती येथे जळत नाही, कारण बंद असताना स्विचमधून प्रवाह जवळपास नसतो आणि उघडा असताना त्यावरील व्होल्टता अगदी अल्प असते. उष्णता ही या दोहोंचा गुणाकार असल्याने दोन्ही अवस्थांत ती थोडीच राहते.

दोन्ही दिशांनी उघडणारा ट्रायॅक १९६०च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकमध्येच विकसित झाला आणि हे तत्त्व घराघरांत शिरले. पंख्याचा गरम होणारा चौकोनी रेग्युलेटर जाऊन बोटभर खुंटी आली. तिच्या आत एक ट्रायॅक सेकंदाला १०० वेळा लहरीचा तुकडा कापत असतो. याची किंमतही आहे. कापलेली लहर शुद्ध राहत नाही. तिच्यात उच्च वारंवारतेच्या उपलहरी मिसळतात. रेडिओतील खरखर आणि पंख्याची मंद गुणगुण ही तिची घरगुती रूपे होत. मोठ्या यंत्रणांत याच उपलहरी आवरण्यासाठी एकरभर जागा व्यापणारे गाळक उभारावे लागतात.

मोठ्या यंत्रणेत हाच कोनाचा खेळ आणखी विलक्षण रूप घेतो. अनेक थायरिस्टर एकापुढे एक जोडून तयार केलेल्या झडपांना ९० अंशांहून कमी कोनावर ठोके दिले, तर एसीचे डीसी होते. कोन ९० अंशांच्या पुढे नेला, तर तीच यंत्रणा डीसीचे एसी करू लागते. वाहिनीच्या एका टोकाला पहिला कोन आणि दुसऱ्या टोकाला दुसरा ठेवला की मधल्या तारांतून डीसी वाहते, आणि ती किती वाहावी हे नियंत्रण कक्षात बसून ठरवता येते. दोन्ही बाजूंच्या जाळ्यांची वारंवारता एकच असण्याची गरज उरत नाही. ज्या अडचणीला एकेकाळी फिरत्या अवजड यंत्रांचाच आधार होता, ती सिलिकॉनने निःशब्दपणे सोडवली.

भारतात या विद्येचा प्रवेश १९८०च्या दशकाच्या अखेरीस झाला. १९८९ मध्ये विंध्याचल येथे उत्तर व पश्चिम जाळ्यांना जोडणारे केंद्र सुरू झाले. भेल कंपनीच्या सहभागाने बारसूर ते लोअर सिलेरू अशी १९६ किलोमीटरची स्वदेशी प्रायोगिक वाहिनीही त्याच सुमारास उभी राहिली. महाराष्ट्रात १९९९ मध्ये चंद्रपूर ते ठाणे जिल्ह्यातील पडघे अशी ५०० किलोव्होल्टची, ७५२ किलोमीटर लांबीची डीसी वाहिनी कार्यान्वित झाली. चंद्रपूरची १,५०० मेगावॅटपर्यंतची वीज ती मुंबई परिसराकडे आणू शकते. चंद्रपूर जिल्ह्यातीलच भद्रावती येथील केंद्राने पश्चिम आणि दक्षिण ही दोन जाळी १,००० मेगावॅट क्षमतेच्या थायरिस्टर दुव्याने जोडली. दक्षिणेचा दुसरा मोठा दुवा म्हणजे २००३ ची २,००० मेगावॅटची तालचेर–कोलार वाहिनी. २००१ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणी बंद झाल्या होत्या. ज्या खाणींसाठी शतकापूर्वी वीज आणली गेली, त्या निमाल्या. कोलार मात्र आता संपूर्ण दक्षिण भारताच्या विजेचे एक प्रवेशद्वार झाले.

या द्वाराचे मोल जुलै २०१२ मध्ये देशाला कळले. ३० जुलैच्या पहाटे उत्तरेचे जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही जाळी एकापाठोपाठ एक बंद पडली. सुमारे ६० कोटी लोकांच्या प्रदेशात अंधार पसरला, रेल्वेगाड्या वाटेत उभ्या राहिल्या आणि झारखंड व बंगालमधील खाणींत कामगार अडकले. एसी वाहिन्यांनी जोडलेली जाळी एकाच तालावर डोलतात. एकीचा तोल गेला की ती दुसरीलाही ओढते. दक्षिणेचे जाळे त्या तालात सामील नव्हते. बाहेरून येणारी वीज घटल्याने तेथील वारंवारता खाली गेली, काही भागांचा पुरवठा तोडावा लागला, पण जाळे उभे राहिले. पूर्वेकडील डळमळ थायरिस्टरच्या झडपांपाशीच अडली. झडप ठरलेली शक्ती पलीकडे देते किंवा थांबते. पलीकडचा थरकाप ती आत येऊ देत नाही.

यावरून वेगळे राहणेच हितावह असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. वेगळेपणाची किंमत दक्षिणेकडील राज्ये वर्षानुवर्षे मोजत होती. उत्तरेकडे स्वस्त वीज उपलब्ध असतानाही अपुऱ्या वाहिन्यांमुळे ती दक्षिणेला पुरेशी आणता येत नसे आणि तेथील बाजारात विजेचा दर चढा राही. अखेर ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची एसी वाहिनी सुरू झाली आणि सारा देश एकाच वारंवारतेवर आला. कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या सीमेवर जुळलेला हा सांधा भारताच्या विद्युत इतिहासातील मोठा टप्पा होय. डीसी दुवे त्यानंतरही निरुपयोगी झाले नाहीत. विस्तीर्ण एसी जाळ्यात शक्ती आपल्या वाटा भौतिकीच्या नियमाने शोधते. डीसी दुव्यात ती माणसाने ठरवलेल्या वाटेने जाते. विशाल जाळ्याला दोन्हींची गरज असते.

थायरिस्टरचा मूळ दोष अजून शिल्लक होताच: गेटला दार बंद करता येत नाही. या दोषावरील सर्वाधिक यशस्वी उपायाची एक वाट पुन्हा जुन्या म्हैसूर संस्थानाच्या भूमीतूनच निघाली. बंगळुरूजवळील जालहळ्ळी येथे १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सची स्थापना झाली. त्या कंपनीत उच्च पदावर असलेल्या विठ्ठल बाळिगा यांचे पुत्र जयंत बाळिगा तेथेच वाढले, बंगळुरूत शिकले, आयआयटी मद्रासमधून पदवी घेऊन अमेरिकेला गेले आणि १९७४ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधन केंद्रात रुजू झाले. शतकाच्या आरंभी ज्या कंपनीची जनित्रे कावेरीकाठी आली, तिच्याच प्रयोगशाळेत कावेरीखोऱ्याच्या राज्यात वाढलेला संशोधक पोहोचला.

१९८०च्या दशकाच्या आरंभी बाळिगा यांनी तेथे आयजीबीटी हा स्विच विकसित केला. विद्युत व्होल्टतेवर चालणारे, जवळपास प्रवाह न घेणारे गेट आणि मोठा प्रवाह पेलणारी द्विध्रुवी रचना यांचा त्यात संगम होता. गेट दार उघडतेही आणि मिटवतेही. इतिहासाशी प्रामाणिक राहायचे तर या कल्पनेवर त्याच सुमारास इतरही काम करत होते. आरसीए कंपनीच्या संशोधकांनी तशाच रचनेचे पेटंट मिळवले, आणि सुरुवातीच्या स्विचमध्ये प्रवाह अडकून बसण्याची जी भीती होती ती दूर करण्यात जपानच्या तोशिबामधील संशोधकांचा मोठा वाटा आहे. शोध एकाच कपाळी लिहिलेला क्वचितच असतो. तरीही तो प्रत्यक्ष उत्पादनापर्यंत नेण्यात बाळिगा यांचे स्थान अग्रभागी आहे. २०२४ चा मिलेनियम टेक्नॉलॉजी पुरस्कार त्यांना याच कार्यासाठी मिळाला.

आज विजेवर चालणाऱ्या मोटारी, इन्व्हर्टर लावलेली वातानुकूलन यंत्रे, सौर प्रकल्पांचे परिवर्तक या साऱ्यांच्या अंतरंगी आयजीबीटी किंवा त्याचे भाऊबंद असतात. थायरिस्टर शून्याची वाट पाहतो. आयजीबीटी सेकंदाला हजारो वेळा उघडून-मिटून हवी ती वारंवारता आणि हवी ती लहर स्वतःच घडवतो. तमिळनाडूतील पुगलूर ते केरळमधील त्रिशूर ही २,००० मेगावॅटची डीसी वाहिनी २०२१ मध्ये याच जातीच्या स्विचांवर सुरू झाली. पलीकडचे जाळे दुबळे असले तरी तिला चालते, कारण लहरीसाठी ती त्यावर विसंबून नसते.

या साऱ्या प्रवासात एक प्रश्न मात्र १९०२ पासून आजतागायत कायम आहे: यंत्र येथे बसते, पण त्याचे हृदय कोठे घडते? शिवनसमुद्रची जनित्रे अमेरिकेची होती. तालचेर–कोलारच्या झडपा उभारण्याचे कंत्राट जर्मनीच्या सीमेन्सकडे होते. बंगळुरूतील भेलच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने थायरिस्टर घडवून या परावलंबनाला काही अंशी उत्तर दिले. आयजीबीटीच्या बाबतीत तेवढेही घडले नाही. या स्विचचा एक जनक आपल्याच मातीत वाढला, स्विच मात्र आपण आयात करत राहिलो.

पुढची संधी सिलिकॉन कार्बाइडची आहे. अर्धवाहक पदार्थ विद्युत क्षेत्राचा किती ताण सोसतो, यावर त्यापासून केलेल्या स्विचची गुणवत्ता ठरते. बाळिगा यांनीच मांडलेल्या सूत्रानुसार ही गुणवत्ता त्या क्षेत्राच्या तिसऱ्या घाताच्या प्रमाणात वाढते. सिलिकॉन कार्बाइड सिलिकॉनच्या सुमारे दसपट क्षेत्र सोसू शकते, म्हणून जग त्याकडे वळले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ओडिशात सिलिकॉन कार्बाइडच्या स्विचांचा कारखाना उभारण्यास मान्यता दिली. जेथून कोलारची दुसरी वीज निघाली, त्याच राज्यात आता विजेचे द्वार घडवण्याचा संकल्प आहे.

संकल्प आणि सिद्धी यांत किती अंतर असते हे शेषाद्री अय्यर यांच्या चरित्रावरून कळते. पण ते अंतर कोण कापते यालाही महत्त्व आहे. दसऱ्याच्या रात्री म्हैसूरच्या राजवाड्यावर सुमारे एक लाख दिवे एकाच वेळी उजळतात, तेव्हा लोकांच्या डोळ्यांत प्रकाश भरतो. त्यामागचे पाणी, कोळसा, तारा आणि बोटाएवढ्या चकत्या कोणाला दिसत नाहीत. प्रकाश पाहणारा समाज मोठा असतोच. त्या चकत्या स्वतः घडवणारा समाज विजेच्या दारावर हक्क सांगू शकतो.